शेवटच्या तारखेचा भार : नेटवर्कच्या कामगिरीचा आगाऊ अंदाज

खरीप 2022 मध्ये महाराष्ट्रातून पीक विम्याचे सुमारे 96 लाख अर्ज गेले. मार्च 2023 च्या अर्थसंकल्पात राज्य सरकारने शेतकऱ्याचा हप्ता एक रुपयावर आणला आणि त्याच वर्षीच्या खरिपात अर्जांचा आकडा 1 कोटी 70 लाखांच्या घरात पोचला. एका वर्षात भार 1.77 पट झाला. अर्जाची मुदत 31 जुलैला संपायची होती, ती 3 ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. त्या आठवड्यात तालुक्याच्या ठिकाणी सेवा केंद्रांपुढे एकच तक्रार होती : साईट चालत नाही.

हप्ता एक रुपया होणार हे मार्चमध्ये ठरले होते. मुदत जुलैअखेरची होती. मधल्या चार महिन्यांत, शेवटच्या दिवशी ही यंत्रणा किती तग धरेल हे आधी सांगता आले असते का? माझ्या मते आले असते. अगदी सेकंदासेकंदाचा हिशेब मिळाला नसता, पण कुठे अडेल, साधारण केव्हा अडेल आणि कशाने सुटेल एवढे नक्की कळले असते. त्याची पद्धत म्हणजे सिम्युलेशन : खऱ्या नेटवर्कची संगणकावर उभारलेली चालती प्रतिकृती, जिच्यावर हवा तेवढा भार टाकून पाहता येतो आणि त्यात एकाही शेतकऱ्याचा अर्ज बुडत नाही.

या विवेचनासाठी मी बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा जळगाव जामोद तालुका घेतला आहे. खाली पूर्णेच्या खोऱ्यातली सपाट काळी जमीन, वर सातपुडा, पलीकडे मध्य प्रदेश. कापूस, सोयाबीन, तूर ही मुख्य पिके, आणि ती बहुतेक पावसाच्या भरवशावर. भिंगारा, चाळीसटापरी, गोमाल अशी डोंगरातली आदिवासी गावे याच तालुक्यात आहेत. एकाच तालुक्यात फायबर पोचलेले सपाटीवरचे गाव आणि मोबाईलच्या रेंजसाठी टेकाड गाठावे लागणारी वस्ती असे दोन्ही असल्यामुळे, 'सरासरी वेग' या शब्दात किती दडून राहते ते इथे चांगले दिसते.

त्रैराशिक कुठे फसते

एका अर्जाचा प्रवास पाहू. केंद्रचालक आधार, बँकेचे पासबुक, सातबारा, आठ-अ आणि पीक पेऱ्याचे स्वयंघोषणापत्र स्कॅन करतो, माहिती भरतो आणि सबमिट दाबतो. ती विनंती केंद्रातल्या राउटरमधून फायबरने किंवा डोंगलने तालुक्यापर्यंत, तिथून मोठ्या वाहिनीवरून माहिती केंद्रापर्यंत जाते. भारतनेटच्या मूळ आराखड्यात तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आणि प्रत्येक ग्रामपंचायतीला 100 मेगाबिटची जोडणी धरली होती. पुढे विमा पोर्टलचा सर्व्हर, त्याच्या मागे डेटाबेस, जमिनीच्या नोंदींशी पडताळणी, पैसे वळते करणारी यंत्रणा, आणि शेवटी पावती. यातल्या प्रत्येक टप्प्याला कामाचा एक वेग आहे आणि प्रत्येक टप्प्यापुढे एक रांग आहे. पडद्यावर जे गोल फिरताना दिसते ते म्हणजे यांपैकी कुठल्या तरी रांगेत उभे असणे.

आता भार 1.77 पट झाला तर वेळ किती लागेल? शाळेत शिकलेले त्रैराशिक सांगेल, 1.77 पट. हे उत्तर चूक आहे, आणि ते का चूक आहे हे शंभर वर्षांपूर्वीच कळलेले आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर क्रारूप एरलांग या डॅनिश गणितज्ञाने 1909 मध्ये दाखवले की टेलिफोनचे कॉल यादृच्छिकपणे, पण एका नियमात बसतील असे येतात. 1917 मध्ये त्याने किती ग्राहकांना थांबावे लागेल आणि किती कॉल वाया जातील याची सूत्रे दिली. रांगेचे शास्त्र तिथून उभे राहिले.

त्यातले सर्वांत साधे सूत्र असे : एका विनंतीला लागणारा सरासरी एकूण वेळ म्हणजे कामाचा मूळ वेळ भागिले (1 वजा सर्व्हरचा वापर). कामाला मुळात 1 सेकंद लागत असेल आणि सर्व्हर निम्मा वेळच गुंतलेला असेल, तर माणसाला 2 सेकंद लागतात. वापर 80 टक्के झाला की 5 सेकंद, 90 टक्क्यांना 10, 95 टक्क्यांना 20 आणि 99 टक्क्यांना 100. म्हणजे 50 वरून 95 पर्यंत जाताना भार दुप्पटही होत नाही, पण वेळ दहापट होतो.

हेच सूत्र पीक विम्याला लावू. समजा 2022 च्या सर्वाधिक गर्दीच्या दिवशी सर्व्हरचा वापर 55 टक्के होता. वेळ मूळ कामाच्या 2.2 पट लागत होता, कुणाची तक्रार नव्हती. भार 1.77 पट झाल्यावर वापर 97 टक्क्यांच्या वर जातो आणि वेळ 38 पटींच्या आसपास पोचतो. त्रैराशिकाने ज्याला 1.77 पट म्हटले असते ते प्रत्यक्षात 17 पट निघाले. आणि 2022 चा वापर 55 ऐवजी 60 टक्के असता तर? 60 गुणिले 1.77 म्हणजे 106. शंभराच्या वर गेल्यावर सूत्र उत्तरच देत नाही, कारण रांग स्थिरावतच नाही. सेकंदाला 40 अर्ज हातावेगळे करणाऱ्या यंत्रणेकडे 42.5 अर्ज येऊ लागले, तर दर तासाला 9,000 अर्ज मागे साचत जातात, मुदत संपेपर्यंत. आदल्या वर्षीच्या वापरात फरक फक्त पाच टक्क्यांचा, पण एकीकडे हळू चालणारी साईट आणि दुसरीकडे बंद पडलेली साईट. गेल्या वर्षी व्यवस्थित चालले म्हणून यंदाही चालेल, या विधानाला म्हणूनच तांत्रिक अर्थ नाही. गेल्या वर्षी किती टक्के वापर होता, हा पहिला प्रश्न विचारायला हवा.

कागदावरचे सिम्युलेशन

सूत्र इतके सरळ असेल तर सिम्युलेशन कशाला? कारण सूत्राने पुष्कळ गोष्टी गृहीत धरल्या आहेत : अर्ज एकमेकांशी संबंध नसल्यासारखे येतात, सरासरी दर दिवसभर तोच राहतो, रांगेतला माणूस कंटाळून उठत नाही, एकच टप्पा आहे. जळगाव जामोदच्या जुलै महिन्यात यातले काहीच खरे नसते. गृहीतके मोडली की सूत्र लिहिणे अवघड होते, पण घटना एकामागून एक घडवून पाहणे अवघड होत नाही. सिम्युलेशनचे सगळे बळ यात आहे.

त्याची रीत कागद-पेन्सिलीने करून पाहण्यासारखी आहे. एक केंद्र, एक चालक. केंद्र 10 वाजता उघडले. पाच शेतकरी 10:00, 10:05, 10:07, 10:20 आणि 10:22 ला आले. त्यांच्या अर्जांना अनुक्रमे 12, 9, 10, 6 आणि 11 मिनिटे लागतात. पहिल्याचे काम 10:12 ला संपते. दुसरा 7 मिनिटे थांबून 10:12 ला बसतो, 10:21 ला उठतो. तिसरा 14 मिनिटे थांबतो आणि 10:31 ला मोकळा होतो. चौथा 11 मिनिटे थांबतो, 10:37 ला उठतो. पाचवा 15 मिनिटे थांबून 10:48 ला पावती घेऊन निघतो. पाच जणांचे मिळून थांबणे 47 मिनिटे, सरासरी 9.4.

आता यातले एकच बदलू. सर्व्हर मंदावला आणि प्रत्येक अर्जाला 3 मिनिटे जास्त लागू लागली. येण्याच्या वेळा त्याच, माणसे तीच. कामे आता 10:15, 10:27, 10:40, 10:49 आणि 11:03 ला संपतात. थांबणे 0, 10, 20, 20 आणि 27 मिनिटे. सरासरी 15.4. कामाचा एकूण वेळ 48 मिनिटांवरून 63 झाला, म्हणजे 31 टक्के वाढला. थांबण्याचा वेळ 64 टक्के वाढला. आणि हे फक्त पाच माणसांत. दिवसभरात साठ माणसे आली तर प्रत्येकाच्या 3 मिनिटांचे ओझे मागच्या सगळ्यांवर पडत जाते.

संगणकावरचे सिम्युलेशन हेच करते, फक्त लाखो घटनांसाठी. त्यात एक घड्याळ असते आणि पुढे घडणाऱ्या घटनांची वेळेनुसार लावलेली यादी असते. यादीतली सर्वांत आधीची घटना उचलायची, घड्याळ थेट त्या वेळेवर न्यायचे, घटनेचे परिणाम लिहायचे, तिच्यातून जन्मणाऱ्या नव्या घटना यादीत टाकायच्या, पुन्हा पुढची उचलायची. मधल्या रिकाम्या वेळात संगणक थांबून राहत नाही, म्हणून 31 जुलैचा अख्खा दिवस काही मिनिटांत चालवून पाहता येतो. 1961 च्या सुमारास आयबीएममध्ये जेफ्री गॉर्डन यांनी अशा कामासाठी खास भाषा तयार केली. त्याच दशकात नॉर्वेत सिम्युला ही भाषा जन्मली आणि आजच्या बहुतेक प्रोग्रामिंग भाषांवर तिची छाप आहे. आज एनएस-3 आणि ओम्नेट++ ही साधने महाविद्यालयातला विद्यार्थीही फुकट उतरवून घेऊ शकतो. साधन मिळण्याची अडचण राहिलेली नाही.

अर्ज कसे येतात

प्रतिकृतीत सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे येणाऱ्या भाराचे रूप. 1 कोटी 70 लाख अर्ज महिन्याच्या 30 दिवसांत, रोज 12 तास, समान वाटले तर सेकंदाला 13 अर्ज पडतात. समजा एकूण अर्जांचा दहावा हिस्सा एकाच दिवशी आला, तर सेकंदाला 39. एका अर्जासाठी पाने उघडणे, कागद चढवणे, पडताळणी अशा 20 विनंत्या धरल्या तर सेकंदाला सुमारे 790, आणि दिवसातल्या गर्दीच्या तासाला त्याच्या दुप्पट. तेच अर्ज, तोच महिना, पण सरासरीवर बांधलेली यंत्रणा आणि शिखरावर बांधलेली यंत्रणा यांत सहा पटींचा फरक. शिवाय विम्याचे पोर्टल एकट्या महाराष्ट्राचे नाही. इतर राज्यांच्या मुदती त्याच दिवशी येत असतील तर त्यांचाही भार त्याच दारातून आत येतो.

शेतकरी शेवटच्या दिवशीच का येतो, यावर बरेच बोलले जाते आणि त्यात बहुधा दोष त्याच्यावर जातो. मला हे पटत नाही. कोरडवाहू तालुक्यात पेरणी पावसावर ठरते. पाऊस लांबला तर पेरणी लांबते, दुबार पेरणी झाली तर पीक बदलते, आणि पीक पेऱ्याचे स्वयंघोषणापत्र खरे द्यायचे तर पेरणी झालेली असावी लागते. सामाईक खात्याच्या जमिनीला इतर हिस्सेदारांचे संमतीपत्र लागते, आणि त्यातला एक भाऊ पुण्याला कंपनीत असतो. पाऊस उघडला, वाफसा आला की शेतकरी डवरणी सोडून केंद्रावर येणार नाही. झड लागली की सगळे एकदम येतील. प्रतिकृती करणाऱ्याने यातून एवढेच घ्यायचे : येणाऱ्या माणसांच्या वेळा एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. त्या सगळ्यांवर एकच आभाळ आहे.

इथे एरलांगचे गृहीतक अपुरे पडते. संगणकांच्या जाळ्यातही ते अपुरे पडते हे 1994 मध्ये बेलकोर या अमेरिकी प्रयोगशाळेतल्या मोजमापांवर आधारलेल्या अभ्यासाने दाखवले. टेलिफोनचे हजारो कॉल एकत्र केले की चढउतार सपाट होतात. पण संगणकांच्या रहदारीत सेकंदाच्या मोजणीवर दिसणारे झटके मिनिटाच्या आणि तासाच्या मोजणीवरही तसेच दिसतात, सपाट होत नाहीत. सपाट भार धरून काढलेला अंदाज म्हणून नेहमी आशावादी निघतो.

सगळ्यांवर एकच आभाळ असण्याचे 22 जुलै 2023 चे उदाहरण तर समोरच आहे. त्या दिवशी जळगाव जामोद आणि शेजारच्या संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टी झाली, नदीनाल्यांना पूर आले, शेते खरवडून गेली. विम्याची मुदत तेव्हा नऊ दिवसांवर होती. विमा काढलेल्या शेतकऱ्याला तेव्हा नुकसानीची सूचना 72 तासांत द्यावी लागे, ॲपवरून किंवा टोल फ्री क्रमांकावरून. नेटवर्कच्या भाषेत याचा अर्थ असा की ज्या तीन दिवसांत तालुक्यातला जवळजवळ प्रत्येक फोन एकाच कामाला लागतो, नेमक्या त्याच तीन दिवसांत वीज जाते, टॉवरची बॅटरी उतरते आणि पुलाखालून नेलेली केबल वाहून जाते. वापर म्हणजे भार भागिले क्षमता. अशा दिवशी वरचा आकडा वाढतो आणि खालचा घटतो. भार दुप्पट आणि क्षमता निम्मी झाली तर वापर चौपट होतो, आणि रोज 25 टक्क्यांवर निवांत चालणारी जोडणी शंभरावर जाऊन बसते. भार एका खोलीत आणि बिघाड दुसऱ्या खोलीत तपासणारी पद्धत हे कधीच पकडू शकत नाही. प्रतिकृतीत दोन्ही एकाच पावसाला बांधलेले असले पाहिजेत.

जुलै 2024 मध्ये आणखी वेगळे घडले. विम्याची मुदत त्या वर्षी 15 जुलै होती. जूनअखेर जाहीर झालेल्या लाडकी बहीण योजनेचे अर्ज 1 जुलैपासून सुरू झाले. दोन वेगळ्या योजना, दोन वेगळी पोर्टले, पण केंद्र तेच, चालक तोच, डोंगल तेच. विम्याची मुदत 31 जुलैपर्यंत वाढवावी लागली. पोर्टलच्या सर्व्हरपुरतीच प्रतिकृती केली असती तर ती सांगत राहिली असती की विम्याचा भार गेल्या वर्षीएवढाच आहे, काळजीचे कारण नाही. अडण्याची जागा सर्व्हर सोडून केंद्रातल्या माणसाच्या दोन हातांवर आली होती. नेटवर्क कुठे संपते हे ठरवणे हा प्रतिकृतीतला पहिला निर्णय आहे, आणि माझ्या मते ते केबलपाशी संपत नाही, सबमिट दाबणाऱ्या बोटापाशी संपते.

पुन्हा पुन्हा दाबलेले बटण

साईट अडली की माणूस काय करतो? पुन्हा दाबतो. ते स्वाभाविक आहे, पण यंत्रणा कोसळते ती बहुधा इथेच. पहिली विनंती रद्द झालेली नसते. ती कुठल्या तरी रांगेत उभीच असते आणि तिच्यामागे दुसरी येऊन उभी राहते. वापर 85 टक्के असताना 100 पैकी 15 विनंत्या वेळेत उत्तर न मिळाल्याने फसत असतील आणि प्रत्येक जण यश येईपर्यंत पुन्हा प्रयत्न करत असेल, तर खरा भार 85 भागिले 0.85, म्हणजे पूर्ण 100 टक्के होतो. एकही नवा शेतकरी न येता यंत्रणा भरून जाते. त्यातून आणखी विनंत्या फसतात आणि चक्र फिरत राहते. भरीला सर्व्हर ज्या विनंतीवर काम करत असतो तिचा मालक केव्हाच उठून गेलेला असतो. काम होते, पावती कुणालाच मिळत नाही.

याचा जुना दाखला इंटरनेटच्याच इतिहासात आहे. ऑक्टोबर 1986 मध्ये अमेरिकेतली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिथून सुमारे 400 यार्डांवरचे बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर आला. तार तुटली नव्हती, यंत्र बिघडले नव्हते. संगणक हरवलेली पॅकेटे पुन्हा पुन्हा पाठवत होते आणि त्या पुनरुक्तीनेच वाट बुजली होती. व्हॅन जेकबसन यांनी 1988 मध्ये उपाय मांडला : गर्दी दिसली की पाठवणाऱ्याने स्वतःहून वेग कमी करायचा, पुन्हा पाठवण्याआधी वाढत्या अंतराने थांबायचे. आज आपण जे इंटरनेट वापरतो ते या शिस्तीवर उभे आहे. पण ही शिस्त पॅकेटांना लागू आहे, बटण दाबणाऱ्या माणसाला नाही. पोर्टलने त्याला 'रांगेत तुमचा क्रमांक अमुक, पुन्हा दाबू नका' असे सांगितले तरच तो थांबेल.

या चक्राचा आणखी एक गुण केंद्रचालकांना अनुभवाने ठाऊक आहे. गर्दी ओसरली तरी साईट लगेच सुधारत नाही, कारण साचलेल्या पुनरुक्त्या निपटायला वेळ जातो. म्हणून 'रात्री साईट चालते' हे त्यांचे म्हणणे, आणि म्हणून जुलैत रात्री जागून भरलेले अर्ज. सूत्राने हे दाखवता येत नाही. घटना एकामागून एक घडवणाऱ्या प्रतिकृतीत मात्र ते आपोआप उमटते, फक्त 'फसल्यास पुन्हा प्रयत्न' हा नियम तिच्यात लिहिलेला हवा.

अंदाजावर भरवसा केव्हा ठेवावा

याच तालुक्यातल्या भेंडवळला दरवर्षी अक्षय्य तृतीयेला घट मांडला जातो. दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचे भाकीत ऐकायला दूरदूरचे शेतकरी जमतात. अंदाजाची गरज इथल्या माणसाला शिकवावी लागत नाही. सिम्युलेशनचा अंदाज त्याहून वेगळ्या जातीचा असतो. 31 तारखेला काय होईल हे तो सांगत नाही. 'एवढे अर्ज, एवढे सर्व्हर, एवढे पुनर्प्रयत्न धरले, तर असे होईल' एवढेच सांगतो. त्यातला प्रत्येक 'धरले' उघडा ठेवणे आणि दुसऱ्याला तो बदलून पाहू देणे यावर त्याची विश्वासार्हता अवलंबून असते. गृहीतके न देता फक्त निष्कर्ष देणारा अहवाल मी तरी बाजूला ठेवीन.

पडताळणीची पहिली पायरी सोपी आहे. प्रतिकृतीला आधी झालेला एखादा दिवस द्यायचा आणि तिचे उत्तर नोंदींशी ताडायचे. साधा दिवस जुळला म्हणून समाधान मानायचे नाही, कारण 30 टक्के वापरावर कुठलीही प्रतिकृती बरोबर येते. गर्दीचा दिवस जुळला पाहिजे, आणि तोही जो प्रतिकृती बांधताना वापरला नव्हता. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला नियम इथे फार कामाचा आहे : रांगेतली सरासरी माणसे म्हणजे येण्याचा दर गुणिले थांबण्याचा सरासरी वेळ. केंद्रात सरासरी 40 माणसे बसलेली आहेत आणि प्रत्येकाला 2 तास लागतात, तर तासाला 20 जण येत असले पाहिजेत. प्रतिकृतीचे तिन्ही आकडे या नियमात बसत नसतील तर तिच्यात नक्की चूक आहे, शोधत बसायचे.

दुसरी गोष्ट, एकदा चालवून थांबायचे नाही. प्रतिकृतीतल्या वेळा यादृच्छिक संख्यांवरून काढलेल्या असतात, त्यामुळे प्रत्येक खेपेला उत्तर थोडे वेगळे येते. वेगवेगळ्या सुरुवातीने पुष्कळदा चालवून उत्तरांचा पल्ला द्यायचा. हा पल्ला निम्मा करायचा तर खेपा चौपट लागतात, आणि गर्दी जितकी शंभर टक्क्यांजवळ, तितका पल्ला रुंद.

आणि सरासरी सांगायची नाही. निदान एकटी नाही. शंभरातल्या पंचाण्णवाव्या शेतकऱ्याला किती वेळ लागला ते सांगायचे. सपाटीवरच्या गावात 10 सेकंदांत अर्ज जातो आणि डोंगरातल्या वस्तीवरून कधी जातच नाही, याची सरासरी काढली तर ती दोन्ही ठिकाणी खोटी ठरते. भिंगाऱ्याचा शेतकरी कुठल्याही तालुका सरासरीत दिसणार नाही इतके त्याच्यासारखे थोडे आहेत. प्रतिकृतीत त्याची जोडणी वेगळी लिहिली आणि त्याचे उत्तर वेगळे मागितले, तरच तो दिसतो.

उपाय आधी प्रतिकृतीवर

शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून पिकाची नोंद करण्याची ई-पीक पाहणी 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झाली आणि तिच्यामुळे भाराची दिशाच बदलली. आजवर गावाकडे माहिती खाली येत होती, आता शेतातून फोटो वर जाऊ लागले. समजा फोटो 2 मेगाबाइटचा आहे आणि टॉवरकडून वर जाणारा वेग 4 मेगाबिट मिळतो, तर एक फोटो 4 सेकंदांत जातो. त्याच टॉवरखाली दहा शेतकऱ्यांनी एकदम पाठवले तर प्रत्येकाला 40 सेकंद. इथे फोटो आकाराने निम्मा करणे हा टॉवरची क्षमता दुप्पट करण्याएवढाच उपाय आहे आणि तो विनाखर्च आहे.

सगळीकडे मात्र तोच उपाय चालत नाही. जिनिंगमध्ये वजनकाटा एकच असेल तर बाहेरचा रस्ता कितीही रुंद करा, कापसाच्या गाड्यांची रांग हलत नाही. ग्रामपंचायतीची जोडणी 100 वरून 1000 मेगाबिट केली आणि अडण्याची जागा डेटाबेस असेल, तर पैसा खर्च होतो आणि गोल फिरतच राहते. कुठला उपाय कुठे लागू पडेल हे आधी पाहता येणे हा सिम्युलेशनचा सर्वांत मोठा व्यावहारिक फायदा आहे.

मघाच्या 106 टक्क्यांच्या उदाहरणावर दोन उपाय ताडून पाहू. सर्व्हरची क्षमता 25 टक्क्यांनी वाढवली तर वापर 85 टक्क्यांवर येतो. यंत्रणा चालेल, पण पुनर्प्रयत्नांचे चक्र सुरू झाले तर पुन्हा शंभरावर जाईल हे आपण पाहिलेच. दुसरा उपाय असा : क्षमता आहे तेवढीच ठेवायची आणि शेवटच्या दिवशी येणारा दहावा हिस्सा कमी करून सहा टक्क्यांवर आणायचा, जिल्ह्यांना किंवा तालुक्यांना वेगवेगळ्या अखेरच्या तारखा देऊन. वापर 64 टक्क्यांवर येतो. खरेदीने तेच साधायचे तर क्षमता दोन तृतीयांशांनी वाढवावी लागेल. शेवटी सगळ्यांची मुदत एकत्र वाढवण्यापेक्षा आधीच ती विभागून देणे स्वस्त आणि भरवशाचे आहे. फक्त ज्या तालुक्यात पाऊस उशिरा येतो त्याला उशिराची तारीख हवी, हे कृषी विभागाला कुणी सांगायला नको.

धोरण बदलले की भार बदलतो, हेही प्रतिकृतीत लिहावे लागते. एक रुपयाची सवलत खरीप 2025 पासून बंद झाली आणि शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा आला. 2023 च्या आकड्यांवर बसवलेली प्रतिकृती आता जशीच्या तशी चालणार नाही. पण तिची रचना चालेल, आकडे तेवढे बदलायचे.

ते आकडे आणायचे कुठून, हा प्रश्न उरतो. सर्व्हरच्या नोंदी शासनाकडे आणि कंपन्यांकडे असतात. मुदत जाहीर करण्याआधी त्यांवर प्रतिकृती चालवून तिची गृहीतके लोकांपुढे ठेवावीत, अशी मागणी आमदारांनी आणि शेतकरी संघटनांनी करायला हवी. केंद्रातल्या नोंदी मात्र कुणाकडेच नसतात, आणि त्या गोळा करायला शासन लागत नाही. शेगावच्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे : येत्या जुलैत जळगाव जामोदच्या काही केंद्रांवर बसा, शेतकऱ्याचे नाव-गाव काही न लिहिता चार रकाने भरा. आला केव्हा, बसला केव्हा, उठला केव्हा, आणि सबमिट किती वेळा दाबावे लागले.